‘कितलं लांब शे?’ : अंतर सांगणारी दुर्बीण शिकाऱ्याच्या किती कामाची?

पाऊस उघडला की आमच्या रावेर-यावलकडून सातपुडा एकदम जवळ येतो. मे महिन्यात धुरकट दिसणारा, पार मध्य प्रदेशात असावा असं वाटणारा डोंगर जुलैतल्या एखाद्या सकाळी केळीच्या बागेच्या मागेच उभा असतो. झाडं मोजून घ्यावीत इतका स्पष्ट. डोंगर कुठे हललेला नसतो, हवा धुतली गेलेली असते, एवढंच. अंतराच्या बाबतीत डोळा किती भाबडा आहे, हे खानदेशातल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

हे आठवायचं कारण चुलतभावाच्या मुलाचा फोन. तो अमेरिकेत, माँटाना राज्यात नोकरीला आहे. तिथे रीतसर परवाना काढून हंगामात एल्कची शिकार करता येते (एल्क म्हणजे आपल्या सांबराचं थोराड चुलत भावंड समजा). ऑफिसातले मित्र जातात, यंदा हाही जाणार. दुकानदाराने त्याच्यापुढे दोन दुर्बिणी ठेवल्या. एक साधी. दुसरी दिसायला तशीच, जरा जाड. पण वरचं बटण दाबलं की आत, चित्राच्या मधोमध, लाल आकडा उमटतो: ३४७. समोरचं झाड तेवढ्या मीटरवर आहे. किंमत मात्र दुपटीहून जास्त. “काका, एवढे पैसे घालू का?”

मी शिकारी नाही. हतनूर धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात उतरणारी बदकं बघत बसणारा माणूस. पण घरात दुर्बीण गळ्यात अडकवून हिंडणारा मी एकटाच, म्हणून ते खातं माझ्याकडे. त्याला फोनवर तुकड्या-तुकड्यांत जे सांगितलं, ते इथे एका जागी मांडतो.

आधी आत काय घडतं ते. विहिरीच्या काठावर उभं राहून हाक मारली की थोड्या वेळाने ती परत येते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, हे माहीत असलं की हाक परत यायला लागलेल्या वेळावरून विहिरीची खोली काढता येते. दुर्बीण हेच करते, फक्त हाकेच्या जागी प्रकाश. बटण दाबलं की लेसरचा एक अतिशय छोटा ठिपका सुटतो, समोरच्या जनावरावर आपटतो आणि त्यातला अगदी थोडा प्रकाश परत येतो. जाऊन-येऊन किती वेळ लागला, त्याच्या निम्म्याला प्रकाशाच्या वेगाने गुणलं की अंतर आलं. हा प्रकाश अवरक्त असतो, बहुतेक यंत्रांत ९०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणून आपल्यालाही दिसत नाही आणि हरणालाही नाही.

कल्पना सोपी आहे, अवघड आहे ते घड्याळ. प्रकाश सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर जातो. ३०० मीटरवरच्या हरणापर्यंत जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा दहा लाखावा भाग, असे दोन भाग लागतात. आणि अंतरात एका मीटरची चूक नको असेल तर घड्याळाने सेकंदाचे सात अब्जांश भागसुद्धा ओळखले पाहिजेत. म्हणून यंत्र एकावर विसंबत नाही. एका दाबात अनेक ठिपके सोडतं आणि त्यांचा मेळ घालून आकडा दाखवतं. पहिला लेसर १९६० मध्ये चमकला. लष्कराने अंतर मोजायला तो लगेच उचलला, पण सामान्य गिऱ्हाइकाला दुर्बिणीतच बसवलेला अंतरमापक मिळायला १९९२ उजाडलं. लायका या जर्मन कंपनीची जिओविड ही ती दुर्बीण. आज झाइस, स्वारोव्स्की, व्होर्टेक्स अशा अनेकांच्या येतात.

आता जाहिरातीतला आकडा. डब्यावर लिहिलेलं असतं, ‘टप्पा १८०० मीटर’. भाच्या-पुतण्यांनी इथेच फसायचं असतं. तो टप्पा बहुधा चकचकीत, प्रकाश परतवणाऱ्या वस्तूसाठी असतो, म्हणजे रस्त्यावरच्या पाटीसारख्या. झाडासाठी तो कमी होतो, आणि केसाळ, तपकिरी जनावरासाठी आणखी कमी, कारण केस प्रकाश पितात आणि उरलेला चहूकडे उधळतात. भर उन्हात आणखी घट, कारण उन्हातही अवरक्त प्रकाश भरलेला असतो. त्या गोंगाटात आपली हाक ऐकू येणं कठीण. धुक्यात तर ठिपका समोरच्या थेंबांवरूनच परत फिरतो.

शिवाय लेसर म्हणजे सुईसारखी सरळ रेघ, हा आपला समज चुकीचा आहे. तो पसरतो. फवारणीच्या पंपाचं नोझल आठवा. लांब जावं तसा फवारा रुंद होतो. बऱ्याच यंत्रांत ५०० मीटरवर तो साधारण मीटरभर रुंद झालेला असतो. म्हणजे ज्वारीच्या धाटांमागे नीलगाय उभी असेल तर निम्मा प्रकाश धाटांवरूनच परत येणार. आकडा कोणाचा, धाटाचा की गाईचा? यासाठी चांगल्या यंत्रांत सोय असते: पहिली परतलेली हाक धरायची की शेवटची, हे आपण ठरवायचं. गवताआडच्या जनावरासाठी शेवटची. ही एक गोष्ट न शिकता यंत्र वापरणारा माणूस हरणाऐवजी पुढच्या झुडपाचं अंतर मोजून खूश होतो.

पण मुळात शिकाऱ्याला अंतर कळून करायचं काय?

गोळी सरळ जात नाही. नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली पडत असते, हातातून सुटलेल्या दगडासारखीच. फक्त पडता-पडता खूप पुढे जाते. हरणाच्या शिकारीची नेहमीची रायफल धरा, २०० मीटरवर बरोबर लागेल असा, म्हणजे नळी किंचित वर रोखून, नेम बसवलेली. तिची गोळी ३०० मीटरवर साधारण पाव मीटर खाली लागते, आणि ४०० मीटरवर पाऊण मीटरच्या आसपास. फरक बघा: पहिल्या वाढीव शंभर मीटरला पाव, पुढच्या शंभराला अर्धा. गोळी जसजशी लांब जाते तसतसा तिचा वेग मंदावतो आणि पडायला वेळ जास्त मिळतो, म्हणून चूक चढत्या व्याजाने वाढते. हरणाच्या छातीत काळीज-फुप्फुसाचा जो भाग असतो तो जेमतेम २०-२५ सेंटिमीटरचा. तेव्हा ४०० वरचं जनावर ३०० वर आहे असं समजून गोळी सोडली, तर ती अर्धा मीटर खाली जाणार. नशीब असेल तर जमिनीत, नसेल तर पायात. पाय मोडलेलं जनावर रात्रभर कुठेतरी तडफडणार. नेम चुकण्यापेक्षा हे वाईट, असं तिथले जबाबदार शिकारीही मानतात.

हीच आकडेमोड उलट बाजूने वाचली की अर्ध्या लोकांना हे यंत्र का लागत नाही ते कळतं. २०० मीटरच्या आत गोळी थोडी वर, थोडी खाली, पण त्या २०-२५ सेंटिमीटरच्या आतच राहते. तिथे जनावर ९० मीटरवर आहे की १४०, याने काही बिघडत नाही. दाट रानात शिकार करणाऱ्याला मुळात शंभर मीटरपलीकडचं दिसतच नाही. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारा जेम्स औट्रम वाघाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होता. त्याच्या काळातल्या बंदुकीचा भरवशाचा टप्पाच शंभर मीटरच्या आत. त्याला लाल आकडा दाखवला असता तर तो हसला असता.

म्हणून पुतण्याला मी उलट विचारलं, “तू बसणार कुठे?” माँटानाचा पूर्व भाग म्हणजे मोकळी माळरानं, पश्चिम भाग म्हणजे दाट सूचिपर्णी जंगलाचे डोंगर. पूर्वेला बसणार असशील तर अंतर मोजायला काहीतरी हवंच. तिथे मोजायला ओळखीचं झाड नाही, घर नाही, विजेचा खांब नाही, आणि डोळा सपशेल फसतो. पश्चिमेला झाडांत बसणार असशील तर बघणारी दुर्बीण चांगली घे, आकडा नसला तरी चालेल. त्याने मित्रांना विचारून सांगतो म्हटलं. इतका साधा प्रश्न दुकानदाराने विचारला नव्हता, यात नवल काही नाही.

धनुष्यबाणवाल्यांचं गणित निराळं. आधुनिक धनुष्याचा बाण सेकंदाला ८०-९० मीटर जातो, म्हणजे रायफलीच्या गोळीच्या दहाव्या हिश्शाने. त्याला पडायला भरपूर वेळ. ३० मीटरचा नेम धरून ४० मीटरवर सोडला तर बाण फूटभर खाली. म्हणजे रायफलवाल्याला २०० मीटरपर्यंत जे लागत नाही, ते बाणवाल्याला विसाव्या-तिसाव्या मीटरपासूनच लागतं. पण एवढ्या जवळच्या जनावरासाठी जड दुर्बीण कशाला? खिशात मावणारा, एका डोळ्याला लावायचा सुटा अंतरमापक त्याला पुरतो. मचाणावर बसल्या-बसल्या आजूबाजूच्या पाच-सहा झाडांची अंतरं आधीच मोजून ठेवायची, मग जनावर आल्यावर यंत्राला हात लावायचं कामच नाही.

मग दोन्ही एकात असण्याचा खरा फायदा कोणता? मला वाटतं, पाच-सात सेकंदांचा. साधी दुर्बीण आणि सुटा अंतरमापक असेल तर आधी दुर्बिणीत जनावर शोधायचं, ती छातीवर सोडायची, खिसा चाचपायचा, छोटं यंत्र डोळ्याला लावायचं आणि त्याच्या चिमुकल्या चित्रात तेच जनावर पुन्हा हुडकायचं. तेवढ्यात ते झुडपाआड जातं. किंवा हाताच्या हालचालीने सावध होतं. पक्षी बघणाऱ्याला हे दुःख पुरेपूर माहीत आहे. दुर्बीण खाली करून पक्ष्याचं पुस्तक उघडलं, की वर बघेपर्यंत फांदी रिकामी. एकात एक असलं की नजर न हलवता बोट दाबायचं. शिवाय दोन्ही हातांनी धरलेली, दहा पट मोठं दाखवणारी दुर्बीण गुडघ्यावर कोपर टेकवून स्थिर ठेवता येते, म्हणून लेसरचा ठिपका गवतावर न पडता नेमका जनावरावर पडण्याची शक्यता वाढते. एका हातात थरथरणाऱ्या छोट्या यंत्राला हे जमत नाही.

चढ-उताराचं एक प्रकरण राहिलं, आणि ते मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण ते आमच्याच भागातलं आहे.

चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेला असाल. तिथल्या पाटणच्या शिलालेखात नोंद आहे की भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला. त्याच भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक मोर आहे. ९ हात उंच खांबाच्या टोकावर तो बसलाय. खांबाच्या बुंध्याशी सापाचं बीळ. बिळापासून २७ हातांवरून साप बिळाकडे निघालाय. मोराने तिरपी झेप घेतली, दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर साप बिळापासून किती हातांवर सापडला? उत्तर १२ हात. साप २७ मधले १५ हात सरपटला, मोर तिरपा १५ हात उडाला. उंची ९, जमिनीवरचं अंतर १२, तिरपं अंतर १५.

आता त्या मोराच्या हातात अंतरमापक द्या. सापाकडे रोखून त्याने बटण दाबलं तर आकडा येईल १५, कारण लेसर तिरपाच जातो. पण मोराने झेप न घेता बाण सोडायचा असेल, तर १५ चा नेम धरून बाण सापाच्या डोक्यावरून जाईल. गुरुत्वाकर्षण बाणाला खाली ओढतं ते सरळ खाली, म्हणून नेमासाठी धरायचं अंतर तिरपं नव्हे, जवळजवळ जमिनीवरचं आडवं, म्हणजे १२. काटेकोर गणितात याहून थोडा फरक पडतो, पण शिकारीच्या नेहमीच्या टप्प्यात हा हिशेब चालतो. दरीच्या काठावरून खाली किंवा पायथ्यावरून वर नेम धरणारे पूर्वी नेहमी इथे चुकायचे. चढ असो की उतार, गोळी वरूनच जायची. नव्या दुर्बिणीत कोन मोजणारा छोटा घटक असतो. तो १५ शेजारी १२ दाखवतो आणि मोकळा होतो. साधारण ३७ अंशांच्या उतारावर पाचातला एक भाग असा वजा होतो. सपाटीवर ही सोय निरुपयोगी. डोंगरात मात्र हिच्यासाठी पैसे मोजावेत.

हे यंत्र काय सांगत नाही, तेही पुतण्याला सांगितलं. वारा ते मोजत नाही. ४०० मीटरवर आडवा वारा गोळीला वीतभर सहज ढकलतो. गोळी तिथवर पोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो, तेवढ्यात चरणारं जनावर एक पाऊल टाकू शकतं. काही महागड्या दुर्बिणी गोळीचा प्रकार, तापमान, हवेचा दाब हे सगळं जमेस धरून ‘इतका वर नेम धरा’ असंही सांगतात. त्या मला जरा धोक्याच्या वाटतात. आकडा अचूक दिसला की माणसाला आपणही अचूक झालो असं वाटायला लागतं, आणि ज्याने आयुष्यात दीडशे मीटरपलीकडे सराव केला नाही तो पाचशेवर चाप ओढतो.

तोटे थोडक्यात. साधी ८×४२ दुर्बीण (आठ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची) ७०० ग्रॅमच्या आसपास. अंतरवाली ९०० ते १००० ग्रॅम. दिवसभर गळ्यात घालून डोंगर चढला की तो फरक मानेला कळतो. आत आकडा दाखवायला आणि परतलेला लेसर वळवायला नळीतल्या काचेवर खास मुलामा लागतो. त्यामुळे स्वस्त यंत्रांत चित्राच्या रंगात किंचित झाक येते आणि तिन्हीसांजेला उजेड थोडा कमी पडतो. शिकारीची वेळ नेमकी तीच. सेल असतो, आणि माँटानातल्या नोव्हेंबरच्या थंडीत तो लवकर मान टाकतो; दुसरा सेल आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायचा. सेल गेला तरी दुर्बीण म्हणून ती चालत राहते, हे त्यातल्या त्यात बरं. पण यंत्राचा भाग बिघडला की अख्खी दुर्बीण दुरुस्तीला जाते आणि तुम्ही दोन्हींना मुकता. युरोपातल्या नामांकित कंपन्यांची अशी दुर्बीण रुपयांत अडीच-तीन लाखांच्या घरात जाते. तेवढ्यात उत्तम साधी दुर्बीण आणि सुटा अंतरमापक, दोन्ही येऊन वर पैसे उरतात.

आपल्याकडे हा प्रश्न शिकाऱ्याचा नाहीच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा आहे. पिकांत शिरणाऱ्या जनावरांबाबतही वनखात्याची लेखी परवानगी लागते. तरीही खानदेशात या लाल आकड्याची खरी गरज असलेली माणसं आहेत, आणि ती वनखात्याच्याच खाकीत हिंडतात.

वाघांचा देशभरचा अंदाज २००६ पासून दर चार वर्षांनी घेतला जातो. त्यात वाघाचं खाद्य, म्हणजे चितळ, सांबर, नीलगाय, रानडुक्कर, किती आहे हेही बघतात. पद्धत अशी: वनरक्षक सकाळी ठरलेल्या सरळ रेषेवरून चालतो. जनावर दिसलं की किती, रेषेशी किती कोनात आणि किती अंतरावर, ते लिहितो. कोन होकायंत्राने, अंतर लेसरने. त्यावरून ते जनावर रेषेपासून आडवं किती लांब होतं हे काढतात (पुन्हा तोच मोराचा त्रिकोण, फक्त आडवा पाडलेला). रेषेजवळची जनावरं जवळजवळ सगळी दिसतात, लांबची निसटतात. अंतर वाढतं तशी दिसण्याची संख्या कशी घटते, यावरून न दिसलेली किती असावीत याचा हिशेब लागतो.

इथे अंदाजाने अंतर लिहिलं की सगळं बिघडतं. माणूस अंदाज करतो तो गोल करतो: ५०, १००, १५०. त्याच्या वहीत ४७ कधी येत नाही, ८३ कधी येत नाही. मग कागदावर सगळी चितळं पन्नास मीटरवर रांगेत उभी राहतात. शिकाऱ्याची चूक एका जनावराला भोवते. ही चूक अख्ख्या रानाचा आकडा फुगवते किंवा घटवते. या वनरक्षकाच्या एका हातात होकायंत्र, दुसऱ्यात वही किंवा मोबाइल, खिशात सुटा अंतरमापक, गळ्यात दुर्बीण असेल तर असेल. दोन्ही एकात असलेल्या यंत्राचे पाच-सात सेकंद कोणाला द्यायचे असं मला विचारलं, तर मी त्याचं नाव घेईन.

मागे एका मित्राचा सुटा अंतरमापक घेऊन सातपुड्यातल्या पाल गावाच्या बाजूला गेलो होतो. वाटेत एक म्हातारे बाबा गुरं राखत होते. नाल्यापलीकडच्या मोहाकडे बोट करून मी विचारलं, “बाबा, ते झाड कितलं लांब शे?” त्यांनी डोळे बारीक केले. “दोन गोफनी,” म्हणाले. मी बटण दाबलं: ११८. गोफणीचा दगड किती लांब जातो हे मला माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी एक भिरकावून दाखवला. तो पडला तिथे रोखून पुन्हा बटण दाबलं. ६१.

पुतण्याचा परवा मेसेज आला. मित्र पश्चिमेला, झाडांतच बसतात. त्याने साधी दुर्बीण घेतली आणि उरलेल्या पैशांत बर्फात चालायचे बूट.